व्याहीभेटीतलं नाक

“हे मोडलं कशानं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि आमच्याकडच्या तिघांनी एका दमात तीन कारणं सांगितली.

“न्हाणीत पाय घसरला की ओ,” पोपटमामा म्हणाला.

“मांडवाचा बांबू लागला,” आई म्हणाली.

अण्णांनी नाकावर दाबलेलं उपरणं जरासं बाजूला केलं, “नारळ” एवढंच म्हणाले आणि उपरणं पुन्हा दाबलं.

डॉक्टरीणबाईंनी तिघांकडे आळीपाळीनं बघितलं. त्यांचं नाव रेगे. तालुक्याच्या त्या दवाखान्यात नाक-कान-घशाच्या त्या एकट्याच डॉक्टर होत्या, आणि त्या दिवशी आलेल्या पेशंटांची ड्यूटीही त्यांच्याकडेच होती. वयानं माझ्यापेक्षा फार तर पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील, पण कपाळावरची आठी पन्नाशीतली होती.

“आधी हे सगळं थांबवा,” त्या म्हणाल्या. हे सगळं म्हणजे आमचे घरगुती उपचार. आई अण्णांचं डोकं मागं ओढून धरून उभी होती, मामा त्यांच्या नाकाशी फोडलेला कांदा धरत होता आणि मी टाळूवर पाणी थापत होते. “मान पुढं करा. रक्त बाहेर येऊ द्या. घशात गेलं तर उलटी होईल. आणि तो कांदा भाजीत घाला.”

मामानं कांदा खिशात टाकला. भजी-भात बघायची जबाबदारी त्याच्याकडे होती, त्यामुळे तो कांदा खरंच भाजीत गेला असावा असा मला आजही संशय आहे.

एवढ्यात बर्फ घेऊन आलेल्या नर्सबाई माझ्याकडे बघून थबकल्या. “अगं बाई! हिला आधी बघा डॉक्टर, केवढी कावीळ!”

मला कावीळ नव्हती, मला हळद लागली होती. त्याच दिवशी संध्याकाळी गोरज मुहूर्तावर माझं लग्न होतं. हळद लागलेल्या मुलीनं मांडव सोडायचा नसतो, असं आत्या जीपमागं धावत ओरडत होती, पण तोवर मी जीपमध्ये चढले होते. अण्णांच्या पांढऱ्या सदऱ्यावर तेवढं रक्त बघितल्यावर मला कुठलाच नियम आठवला नाही.

आता खरं काय झालं होतं ते सांगते. आमच्याकडे लग्नाच्या दिवशी सकाळी व्याहीभेट होते. नवरीच्या बापानं नवऱ्याच्या बापाच्या पायाला हात लावायचा, मग नवऱ्याच्या बापानं त्याला उठवून मिठी मारायची, नारळ द्यायचा, असा रिवाज. मी वरच्या खिडकीतून बघत होते. माझे अण्णा, केशव निकम, हायस्कुलातले चित्रकलेचे मास्तर; अंगानं काटकुळे, नाक मात्र दोन माणसांत वाटून देता येईल असं. समोरून माझे होणारे सासरे आले, आबासाहेब जगदाळे. एस.टी.त कंट्रोलर होते. अंग पैलवानाचं, आवाज स्टँडवरचा आणि डोकं कसलं आहे ते पुढच्या क्षणी कळलंच. दोघं समोरासमोर आले, वाजंत्र्यांनी सूर धरला, अण्णा चटकन वाकले. आणि त्याच क्षणी आबासाहेबही वाकले! नारळ फोडल्यासारखा आवाज आला. आत्यानं मला खिडकीतून मागं ओढलं. “नवऱ्या मुलीनं बघायचं नसतं गं,” ती म्हणाली, पण बघायचं ते मी बघून बसले होते.

जीपमध्ये पोपटमामानं सगळ्यांना तंबी दिली. “व्याह्यांचं नाव कुणी काढायचं न्हाई. मुलाकडची माणसं हाईत. त्यांच्या डोक्यानं नाक फुटलं म्हणून दवाखान्यात सांगितलं तर त्यांची शोभा हुईल. काय बी दुसरं सांगा.” काय बी दुसरं सांगायचं हे ठरलं, काय सांगायचं हे ठरलं नाही. आमच्या घरातले सगळे बेत असेच असतात.

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी लावून अण्णांच्या नाकात बघितलं, मग दोन बोटांनी वरचं हाड चाचपलं. अण्णांचे डोळे भरून आले. “हाड मोडलंय आणि डावीकडे सरकलंय,” त्या म्हणाल्या. “एक बरं आहे, मधल्या पडद्यात रक्त साकळलेलं नाही. साकळलं असतं तर आत्ताच कापून काढावं लागलं असतं, नाहीतर पडदा कुजतो आणि नाक खाली बसतं.”

“मग आत्ताच सरळ करून टाका,” आई म्हणाली. “संध्याकाळी कन्यादान आहे.”

“आज नाही. एवढ्या सुजेत हाड कुठं बसवू? सूज उतरू दे. आठवड्यानं भूल देऊन सरळ करू. येताना यांचा एखादा जुना फोटो आणा, म्हणजे मूळचं नाक कसं होतं ते मला कळेल.”

“मूळचंही काही फार...” आई बोलायला गेली आणि अण्णांनी उपरण्याआडून तिच्याकडे असं बघितलं की तिनं वाक्य गिळलं.

त्या औषध लावलेली गॉजची पट्टी नाकात भरत होत्या, तेवढ्यात बाहेर दुसरी जीप थांबली आणि दारात आबासाहेब उभे राहिले. कपाळावर टेंगूळ, फेट्यावर रक्त, कोटाच्या छातीवर रक्त. त्यांच्यामागं त्यांची मुलगी रजनी, हातात चहाचा थर्मास. तिचं लग्न दोन वर्षांपूर्वी झालं होतं. माझी ही होणारी नणंद फार कमी बोलायची. मला तर तेव्हा ती शिष्टच वाटायची.

“मी फोडलं,” आबासाहेब सबंध वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. “डॉक्टर, यांचं नाक मी फोडलं.”

आम्ही तिघंही एकदम गप्प झालो. मामा खिशातला कांदा चाचपायला लागला. आईनं मान खाली घातली. लपवलेली गोष्ट उघड झाल्यावर माणूस जसा उभा राहतो तसे आम्ही उभे होतो, आणि डॉक्टरीणबाई आम्हाला नीट न्याहाळत होत्या.

“तुम्ही कोण?”

“मी मुलाचा बाप.”

“आणि हे मुलीचे वडील.” त्यांनी हातमोजे काढले. “आज लग्न आहे. मुलीच्या बापाचं नाक फुटलंय आणि घरचे तिघं तीन खोट्या गोष्टी सांगतात. तुम्ही आलात की सगळ्यांची वाचा बसते. हुंड्यातलं काय कमी पडलं होतं तुम्हाला?”

आबासाहेबांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा टेंगळापेक्षा लाल झाला. “अहो बाई, आम्ही नारळ-सुपारीवर लग्न ठरवलंय! नमस्कार करताना लागलं.”

“नमस्कार करताना?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “माझ्याकडे सारखी नाकं येतात. कबड्डीची येतात, मोटारसायकलची येतात, दारूची येतात आणि मारामारीची येतात. नमस्काराचं अजून एकही आलेलं नाही. सिस्टर, चौकीतल्या हवालदारांना बोलवा.”

दवाखान्यातून पोलीस आले, नवऱ्याच्या बापाला चौकीवर नेलं, असं एकदा गावभर झालं की कसला गोरज आणि कसलं लग्न. उदयला जानवशातून हलू दिलं नव्हतं. त्याला यातलं काही ठाऊकसुद्धा नव्हतं. तो बिचारा बाशिंग बांधून बसला असेल आणि इथं त्याचा बाप नि माझा बाप कॉरिडॉरमधल्या एका बाकावर संशयित नि फिर्यादी म्हणून बसले होते. त्यातही आबासाहेबांनी अण्णांसाठी थर्मासमधला चहा कपात ओतला आणि अण्णांनी तो “आधी तुम्ही घ्या” म्हणून परत केला. दोघांचं हे तीनदा झालं. शेवटी तो चहा मामानं प्यायला.

हवालदार घोरपडे आले. पोट पुढं, मिशा बाजूला, आणि कपाळावर दुपारची झोप मोडल्याचा राग. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आबासाहेबांकडे वळले.

“म्हंजे मुलीचा बाप वाकला.”

“हो.”

“आन् तुमी बी वाकलात.”

“हो.”

“तुमी मुलाचे बाप असून?”

“हो.”

हवालदारांनी टोपी काढून बाकावर ठेवली. “साहेब, ह्या तालुक्यात बंदोबस्ताला मी शेकड्यानं लग्नं बघितली. मुलाच्या बापाला रुसलेला बघितलाय, ताटावरनं उठलेला बघितलाय, दारू पिऊन पडलेला बी बघितलाय. वाकलेला बघितला न्हाई. काय तरी पटंल असं सांगा.”

अण्णा नाकात पट्टी घेऊन बोलायला लागले. त्यांचं बोलणं एरवीच सावकाश, त्यात आता सगळी अक्षरं विहिरीतून आल्यासारखी. “हवालदारसाहेब, ते खरं बोलतात. हवं तर करून दाखवतो.”

“पेशंटला वाकवायचं नाही!” डॉक्टरीणबाई आतून ओरडल्या.

“मग मी हुतो मुलीचा बाप,” हवालदार म्हणाले. ते कॉरिडॉरच्या मधोमध उभे राहिले, हात जोडले. आबासाहेब समोर उभे राहिले. नर्सबाई, वॉर्डबॉय, पायाला प्लास्टर घातलेला एक म्हातारा, सगळे दारात जमले. “हां, वाका बघू,” हवालदार म्हणाले आणि स्वतः वाकले.

टाळ्या वाजवाव्यात असा तो प्रयोग झाला. हवालदार दोन्ही हातांनी नाक धरून बाकावर बसले. डोळ्यांतून पाणी गळत होतं, मिशा थरथरत होत्या. डॉक्टरीणबाई धावत आल्या, बोटांनी चाचपून बघितलं. “मोडलेलं नाही,” त्या म्हणाल्या. त्यांच्या कपाळावरची आठी पहिल्यांदाच जराशी सैल झाली होती. “बर्फ लावा.”

“डोस्कं हाय का जातं,” हवालदार बर्फाआडून म्हणाले.

मला वाटलं सुटलो. पण डॉक्टरीणबाईंनी हात बांधले. “असं लागू शकतं, हे पटलं. पण तसंच लागलं, हे पटलेलं नाही. मी याच भागात वाढलेय. मुलाकडचे वाकत नाहीत. तुम्ही का वाकलात ते सांगा, की मी हा विषय सोडते.”

स्टँडवर ज्यांच्या आवाजानं गाड्या हलायच्या ते आबासाहेब फेट्याचा शेव बोटाला गुंडाळत बसले. त्यांनी एकदा रजनीकडे बघितलं. “रजू, जरा बाहेर जाऊन जीपवाल्याला चहा दे,” ते म्हणाले.

“जीपवाल्याला चहा मिळालाय,” रजनी म्हणाली आणि तिथंच उभी राहिली.

मग ते जमिनीकडे बघत बोलले, आणि त्यांचा आवाज एवढा खाली येऊ शकतो हे मला तेव्हा कळलं.

“हिच्या लग्नात मी मुलीचा बाप होतो. व्याहीभेटीला वाकलो, व्याह्यांच्या पायाला हात लावला. ते त्या वेळी बाजूच्या कुणा पुढाऱ्याशी बोलत होते. मला वाटलं, आत्ता उठवतील. मी वाकलेलाच. त्यांचं बोलणं संपेना. आपलं आपण उठावं तर रिवाज मोडतो, राहावं तर... फेटा सुटून त्यांच्या पायावर पडला, तेव्हा त्यांनी खाली बघितलं. म्हणाले, ‘अरे, तुम्ही अजून इथंच?’ लोक हसले. मी पण हसलो. काय करणार?” त्यांनी फेट्याचा शेव सोडला. “त्याच दिवशी ठरवलं होतं. आमच्या उदयच्या लग्नात मुलीच्या बापाला वाकू द्यायचं नाही. त्याच्या आधी आपण वाकायचं. एवढंच. पण मुलीचा बाप इतका चपळ निघेल हे कुणाला ठाऊक?”

कुणी हसलं नाही. रजनीनं थर्मास बाकावर ठेवला.

“मी बघितलं होतं, आबा,” ती म्हणाली.

आबासाहेबांनी मान वर केली. “तू आत होतीस. बायकांत.”

“खिडकीत होते. सगळं बघितलं. अजून सासऱ्यांच्या पाया पडते ना, दर वेळी तुम्ही वाकलेले दिसता. तुम्हाला कळू नये म्हणून कधी बोलले नाही.”

“आणि तुला कळलं नसेल म्हणून मी दोन वर्षं निवांत होतो,” आबासाहेब म्हणाले. त्यांनी तिचा हात धरला. मला त्या क्षणी त्या अवाढव्य माणसाविषयी इतकी माया वाटली की लग्न उदयशी ठरलं नसतं तरी मी त्यांची सून व्हायला तयार झाले असते. आणि रजनी शिष्ट वाटण्याचा प्रकार तिथंच संपला.

तेवढ्यात विहिरीतून आवाज आला. “घाई मी पण केली, आबासाहेब.”

“ती का?”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. “ही वर खिडकीत उभी होती. म्हटलं, हिनं नीट बघायच्या आत उरकून टाकावं.”

मी हळदीच्या हातांनी तोंड झाकून घेतलं आणि रडले. ती हळद डोळ्यांत गेली, आग झाली, म्हणून आणखी रडले. नर्सबाईंनी माझे डोळे धुतले आणि म्हणाल्या, “कावीळ उतरायला लागली बरं का.”

डॉक्टरीणबाईंनी हवालदारांकडे बघितलं. हवालदारांनी नाकावरचा बर्फ काढला, टोपी घातली आणि आबासाहेबांसमोर उभे राहिले. “माझ्या दोन पोरी हाईत,” ते म्हणाले. “धाकटीसाठी तुमच्या भावकीत एखादं पोरगं असलं तर कळवा. डोस्कं मऊ असलेलं.” आणि तडक निघून गेले.

गोरज आम्ही गाठला. फोटोत अण्णांचं नाक वांग्यासारखं, आबासाहेबांच्या कपाळावर टेंगूळ आणि माझे डोळे लालभडक; एकटा उदय तेवढा लग्नाला आल्यासारखा दिसतो. कन्यादानाचे शब्द अण्णांच्या तोंडून असे निघाले की भटजींनी दोनदा “पुन्हा म्हणा” म्हटलं. डॉक्टरीणबाई अक्षता टाकायला आल्या होत्या. आहेर म्हणून गॉजचा एक नवा रोल घेऊन आल्या होत्या.

आठवड्यानं अण्णा दाखवायला गेले. आबासाहेबही हट्टानं बरोबर गेले. आई, मी आणि उदय जीपच्या मागच्या सीटवर होतो. फोटो हवा म्हणून घरभर शोधाशोध झाली होती, पण अण्णा सदा कुणाचा तरी फोटो काढायला उभे असत. नाक मोडण्याआधीचा त्यांचा स्वतःचा असा एकच सापडला, तो व्याहीभेटीचा. फोटोग्राफरनं ऐन वेळी बटण दाबलं होतं. त्यात दोन वाकलेल्या पाठी आणि दोन फेटे होते.

“ह्यात नाक कुठं आहे?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“थांबा, काढून देतो,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी खिशातली पेन्सिल काढून एका कागदावर झरझर आपलं नाक काढलं. सरळ, रेखीव, एखाद्या राजपुत्राला शोभावं असं.

आईनं तो कागद हातात घेतला. “हे नाक तुमचं कधीच नव्हतं हो. असतं तर मी लग्नाला दोन वर्षं नाही कशाला म्हटलं असतं?”

डॉक्टरीणबाई मोठ्यानं हसल्या. मग त्यांनी नाक तपासलं. एकेक नाकपुडी बंद करून श्वास घ्यायला लावला. “श्वास दोन्हीकडून मोकळा आहे. बाक राहिलाय, तो सरळ करायचा की नाही हे आता तुमच्यावर. करायचा असेल तर लवकर, एकदा हाड जुळलं की मग मोठं काम होऊन बसेल.”

“सरळ करा, सरळ करा,” आबासाहेब मध्येच म्हणाले. “नाहीतर जन्मभर मला ते दिसत राहील.”

चित्रकलेच्या मास्तरानं आपलं नाक आरशात सगळ्या बाजूंनी बघितलं. मग ते उठले आणि टोपी घातली.

“मग राहू द्या बाक,” ते म्हणाले. “जन्मभर ह्यांना दिसू दे.”

आणि तसंच झालं. दर दिवाळीला आबासाहेब आले की अण्णा मुद्दाम खुर्ची अशी लावायचे की त्यांना बाकाची बाजू दिसावी. आबासाहेब कपाळाला हात लावायचे. दोघांची एवढी गट्टी जमली की मला माहेरी जायचं असलं तर आधी सासरेच पिशवी भरून तयार असायचे. आबासाहेब गेले तेव्हा अण्णा त्यांच्या उशाशी बसून होते, आणि बराच वेळ आपलं नाक चाचपत होते.

गेल्या वर्षी माझ्या मुलाचं लग्न झालं. व्याहीभेटीला मुलीचे वडील समोर आले. साधा, घामाघूम झालेला माणूस, सवयीनं वाकायला लागला. पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेल्या अण्णांनी काठीची मूठ त्यांच्या कोटात अडकवून त्यांना मागं ओढलं.

“थांबा,” अण्णा म्हणाले. “आमच्याकडे आधी मुलाचा बाप वाकतो. तुम्ही नुसतं उभं राहायचं. हलायचं नाही.”

“ही कुठली पद्धत हो?” ते बिचारे गोंधळून गेले.

अण्णांनी बाकाची बाजू त्यांच्याकडे केली.

उदय वाकला. हात पुढं करून, डोकं सांभाळून, त्या माणसाच्या पायाला हात लावून उठला. त्या माणसाला काय करावं सुचेना. तो तसाच उभा राहिला आणि त्याचे डोळे वाहायला लागले. मी वर बघितलं. खिडकीत आमची होणारी सून उभी होती, हळदीनं पिवळी झालेली, आणि तिची कुणी मावशी तिला दंडाला धरून मागं ओढत होती.

“ओढू नका,” मी खालून ओरडले. “बघू द्या तिला.”